मध्यस्थाला घाई सहीची

सरहद्दीवर कुठेही गोळीबार झाला की आपल्याकडच्या चर्चांमध्ये दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं: 'हे सगळं इंग्रजांनी करून ठेवलंय, नकाशावर पट्टी ठेवली आणि रेघ मारली.' दुसरंही तितक्याच ठामपणे: 'एखाद्या महासत्तेने दोघांना समोरासमोर बसवलं तर आठवड्याभरात मिटेल.' गंमत अशी की पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून एकाच संध्याकाळी निघतात. बाहेरच्याने वाद लावला आणि आता बाहेरच्यानेच तो सोडवावा! मधल्यामध्ये दोन शेजारी आणि सरहद्दीवर राहणारी माणसं चर्चेतून गायब.

मला ही दोन्ही वाक्यं चुकीची वाटतात. का, ते सांगायला मी काश्मीर किंवा लडाख घेणार नाही. तिथे आपण एका बाजूचे आहोत आणि पुरावा वाचण्याआधीच आपला निकाल लागलेला असतो. त्याऐवजी उस्मानी तुर्की साम्राज्य आणि इराण यांच्यातली सरहद्द घेऊ. इराणच्या आखाताच्या उत्तर टोकापासून अराराट पर्वतापर्यंतची ही सीमा ठरवण्यात ब्रिटन आणि रशिया ही त्या काळातली दोन बलाढ्य राष्ट्रं १८४३ ते १९१४ अशी तब्बल सत्तर वर्षं गुंतली होती. माझं म्हणणं असं की इथे कुणी पट्टी ठेवून रेघ मारली नाही. मोजणी कसून झाली, दऱ्याखोऱ्यांत तंबू ठोकून झाली. तरीही सीमेचा जो तुकडा मध्यस्थांच्या स्वतःच्या स्वार्थाला चिकटलेला होता, नेमका तोच पुढे नासला. कारण मध्यस्थांना तडजोड टिकते की नाही यापेक्षा सही कधी होते याची काळजी जास्त होती, आणि ती सही मिळवायला त्यांनी दोन्ही पक्षांच्या हाती एकाच तहाचे दोन अर्थ दिले.

आधी त्या पट्टीचं बघू. उस्मानी आणि इराणी यांचं वैर सोळाव्या शतकापासूनचं. १५१४ ची चाल्दिरानची लढाई, मग बगदाद कधी याच्याकडे तर कधी त्याच्याकडे. १६३८ मध्ये सुलतान चौथ्या मुरादने बगदाद परत घेतलं आणि १६३९ मध्ये शाह सफीशी झुहाबचा तह झाला. हा तह आजही भाषणांत 'चारशे वर्षांची शांततेची सीमा' म्हणून मिरवला जातो. पण त्यात रेघ नव्हतीच. अमुक किल्ला पाडायचा, अमुक टोळी इकडची, अमुक डोंगर तिकडचा, असा तो मामला होता. दोन्ही दरबारांना त्याहून जास्त काही नको होतं. मधला डोंगराळ पट्टा कुर्द सरदारांचा. जाफसारख्या टोळ्या हिवाळ्यात शहरिझोरच्या उस्मानी मैदानात उतरायच्या आणि उन्हाळा लागला की कळप घेऊन इराणच्या डोंगरात चढायच्या. सुलेमानियाच्या बाबान घराण्यात गादीवरून भांडण लागलं की एक भाऊ बगदादकडे धावायचा, दुसरा इराणकडे. गावाकडे दोन भावकींच्या मध्ये पडीक माळ असतो ना, ज्यावर दोघांचीही गुरं चरतात आणि ज्याचा सातबारा कुणी उघडून बघत नाही, तसा हा पट्टा होता. भांडणं होती, पण ती माळावरची होती.

मग मध्यस्थाची गरज का पडली? इथे मला विरोधकांना बरंच द्यावं लागेल, आणि मी ते मोकळ्या मनाने देतो. १८२१ ते १८२३ मध्ये ही दोन साम्राज्यं पुन्हा लढली. ते युद्ध थांबलं ते मुत्सद्देगिरीने कमी आणि पटकीच्या साथीने जास्त. पूर्व तुर्कस्तानातल्या एर्झुरुमला १८२३ मध्ये तह झाला आणि त्यात पुन्हा 'जुन्याप्रमाणे' एवढंच ठरलं. १८३७ मध्ये शाहचं सैन्य दूर अफगाण मुलखातल्या हेरातला वेढा घालायला गेलेलं असताना बगदादच्या वालीने, म्हणजे उस्मानी सुभेदाराने, शत्त-अल-अरब नदीच्या काठचं मोहम्मरा बंदर लुटलं. आजचं खुर्रमशहर ते हेच. जानेवारी १८४३ मध्ये उस्मानी फौजा करबलेत घुसल्या आणि शियांच्या त्या पवित्र शहरात हजारो माणसं मारली गेली, त्यांत इराणी बरेच. तेहरानमध्ये युद्धाची भाषा सुरू झाली होती. अशा वेळी ब्रिटन आणि रशिया मध्ये पडले. त्यानंतर पहिल्या महायुद्धापर्यंत या दोन साम्राज्यांत चकमकी झाल्या, घुसखोरी झाली, पण उघडं युद्ध झालं नाही. हे यश छोटं नाही. १९१४ पर्यंत जी सीमा जमिनीवर आखली गेली तिचा बराचसा भाग आजही इराण-इराक सीमा म्हणून जवळपास तसाच आहे, हेही खरं. आणि कजार घराण्याच्या दुबळ्या इराणला एकट्याने वाटाघाट करावी लागली असती तर मोहम्मरा त्याच्या हाती राहिलं असतं का, याची मला शंकाच आहे.

पण हे श्रेय देताना मध्यस्थ का आले तेही बघायला नको का? रशियाने १८२८ मध्ये तुर्कमानचायच्या तहात इराणकडून आणि १८२९ मध्ये एदिर्नेच्या तहात तुर्कांकडून मुलूख उपटला होता. ब्रिटनला हिंदुस्थानकडे जाणारी युफ्रेटिसची वाट खुणावत होती. १८३६ मध्ये त्यांच्या आगबोटी त्या नदीत उतरल्याही होत्या. दोघांनाही हे दोन दुर्बळ शेजारी एकमेकांत लढून दुसऱ्याच्या घशात जायला नको होते. सीमा ठरावी ही इच्छा खरीच होती, पण ती ज्या कारणासाठी होती त्या कारणाला सीमा नीट ठरण्याची गरज नव्हती. ती ठरल्यासारखी दिसली तरी पुरे होतं.

एर्झुरुमच्या थंडीत चार वर्षं बैठका चालल्या. इराणतर्फे मिर्झा तकी खान, म्हणजे पुढे अमीर कबीर म्हणून गाजलेला आणि १८५२ मध्ये काशानच्या हमामखान्यात शाहच्या हुकमाने मारला गेलेला सुधारक. ब्रिटनतर्फे कर्नल विल्यम्स. १८४६ मध्ये एका दंगलीत जमाव इराणी वकिलाच्या घरावर चालून गेला आणि मिर्झा तकी खान थोडक्यात वाचला. तरी माणूस उठून गेला नाही. ३१ मे १८४७ रोजी तह झाला. झुहाब प्रांताची सखल जमीन तुर्कांना, डोंगराळ जमीन इराणला. सुलेमानियावरचा हक्क इराणने सोडला. बदल्यात मोहम्मरा शहर आणि बंदर, खिज्र बेट (आजचं आबादान), गलबतांची नांगरण्याची जागा आणि शत्त-अल-अरबच्या पूर्व काठावरची, इराणच्या म्हणून मान्य असलेल्या टोळ्यांच्या वहिवाटीची जमीन उस्मानी सरकारने इराणची मानली. इराणी जहाजांना नदीतून मोकळी ये-जा. वाचायला उत्तम. फक्त एक गोष्ट त्यात लिहिलेली नव्हती: नदीत सीमा नेमकी कुठे? काठाला, की मधल्या प्रवाहात?

आता मूळ मुद्दा. तहाच्या महिनाभर आधी, २६ एप्रिल १८४७ ला, उस्मानी सरकारने मध्यस्थांना विचारलं होतं की या कलमाचा अर्थ काय; उद्या इराण आणखी काही मागेल का? इस्तंबूलमधल्या ब्रिटिश आणि रशियन वकिलांनी लेखी खुलासा दिला: नाही, नमूद केलेल्या जागांपलीकडे इराणला काही मिळणार नाही, नदीच्या काठी त्याच्या टोळ्या राहत असल्या तरी नाही. तुर्कांचं समाधान झालं. आणि इराण? एर्झुरुमला बसून तहातला शब्द न् शब्द तोलणाऱ्या इराणी वकिलाची सही त्या खुलाशावर नव्हती. तह मंजूर करण्याची वेळ आली तेव्हा उस्मानी सरकार अडून बसलं की आधी खुलासा मान्य करा. म्हणून १८४८ च्या जानेवारीत दुसऱ्याच एका इराणी वकिलाची, मिर्झा मुहम्मद अली खानची, त्यावर सही घेण्यात आली. तो इस्तंबूलला आला होता मंजुरीच्या कागदांची अदलाबदल करायला. तेहरानने लगेच सांगितलं, याला हा अधिकारच नव्हता. तोवर कागदांची अदलाबदल झालेली होती, आणि ब्रिटन-रशियाच्या दृष्टीने काम संपलं होतं.

आपल्याकडे जमिनीचा व्यवहार केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. खरेदीखतात एक लिहिलेलं, विकणाऱ्याला कानात दुसरं सांगितलेलं, आणि दलाल दोघांकडून पैसे घेऊन मोकळा. भांडण लागतं ते वीस वर्षांनी, पोरांच्या हयातीत. इथे नव्वद वर्षांनी लागलं. ते पुढे.

मोजणीबद्दल मात्र माझ्या मनात खरा आदर आहे. १८४९ ते १८५२ या काळात चार देशांचे आयुक्त मोहम्मऱ्यापासून अराराटपर्यंत फिरले. ब्रिटिशांकडून पुन्हा विल्यम्स, रशियाकडून चिरिकोव्ह, तुर्कांकडून दरवेश पाशा, इराणकडून मिर्झा जाफर खान. सोबत तंबू, खेचरं, नकाशे काढणारे आणि एक भूगर्भशास्त्रज्ञ, विल्यम केनेट लॉफ्टस. सीमेचं घोंगडं भिजत पडलं असताना या लॉफ्टसने वार्का आणि शूश इथे खोदकाम केलं. आयोगाला सीमा सापडली नाही, पण प्राचीन सुसा नगरी सापडली! दरवेश पाशा त्याहून व्यवहारी निघाला. सीमा ठरवायला निघालेल्या या आयुक्ताने वाटेत वान आणि खोय यांच्या मधला कोतूरचा मोक्याचा प्रदेशच ताब्यात घेतला. लंडनमध्ये परराष्ट्रमंत्री पामर्स्टन इतका वैतागला की ही सीमा ब्रिटन आणि रशिया यांनी मनमानी निर्णय दिल्याशिवाय सुटायची नाही, असं त्याने १८५१ मध्ये लिहून ठेवलं. लंडन आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये बसून नकाशे जुळवायला १८६९ उजाडलं, आणि जो एकसमान नकाशा हाती आला त्यावर रेघ नव्हती. मैलोगणती रुंदीचा एक पट्टा होता आणि सीमा त्यात कुठेतरी आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे वीस वर्षांच्या मोजणीनंतर पुन्हा तोच माळ, फक्त आता उत्तम शाईने काढलेला.

मधल्या काळात निःपक्ष मध्यस्थ काय करत होते? क्रिमियाचं युद्ध लागलं आणि दोन्ही मध्यस्थ एकमेकांचे शत्रू झाले. सीमा आयोगात रशियन सहकाऱ्याबरोबर जेवणारा विल्यम्स १८५५ मध्ये कार्सच्या किल्ल्यात तुर्की सैन्याचं नेतृत्व करत रशियाशी लढला. म्हणजे वादातल्या एका पक्षाचा तो सरळ सेनापती झाला. दुसऱ्या पक्षाचं काय झालं? १८५६ मध्ये हेरातवरून ब्रिटन आणि इराणचं युद्ध पेटलं. मुंबईहून गेलेली, जनरल आउट्रमच्या हाताखालची फौज आखातात उतरली आणि मार्च १८५७ मध्ये तिने तोफा डागून जे शहर घेतलं ते होतं मोहम्मरा! ज्या बंदरावरचा इराणचा हक्क ब्रिटनने मध्यस्थ म्हणून दहा वर्षांपूर्वी लिहून दिला, तेच. मध्यस्थीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या दोन वर्षांवर एकदा थांबून विचार करावा. जो तिसरा उद्या तुमच्यातल्या एकाचा मित्र आणि दुसऱ्याचा शत्रू होऊ शकतो, त्याला मध्यस्थ म्हणायचं की वाट बघणारा तिसरा भाऊबंद?

कोतूरची कथा तर याहून बोलकी. १८७७-७८ मध्ये रशियाने तुर्कांना हरवलं. बर्लिनला परिषद भरली आणि स्वतःला प्रामाणिक दलाल म्हणवणारा जर्मन चान्सेलर बिस्मार्क अध्यक्षस्थानी. त्या तहाच्या साठाव्या कलमाने कोतूर इराणला दिलं गेलं. इराण त्या युद्धात लढलं नव्हतं. कोतूर त्याचं आहे की नाही यावर तीस वर्षं कागद रंगवले गेले होते आणि कुठलाच कागद निर्णायक ठरला नव्हता. निकाल लागला तो बाल्कनमधल्या लढायांच्या जमाखर्चात. निकाल कदाचित न्याय्य असेल, पण त्यातून दोन्ही शेजारी काय शिकले? की पुरावा गोळा करण्यापेक्षा योग्य वेळी योग्य महासत्तेच्या बाजूला असणं फायद्याचं. १९०५ मध्ये रशिया जपानकडून हरून खिळखिळा झाल्याबरोबर उस्मानी फौजा वायव्य इराणमध्ये शिरल्या आणि १९१२ पर्यंत बसून राहिल्या, ते याच शिकवणीनुसार.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. कुणी म्हणेल, मध्यस्थ स्वार्थी होता हे ठीक, पण दुसरा पर्याय कुठे होता? दोघे आपसात ठरवू शकले असते का? या प्रश्नाला इतिहासात एक अर्धवट उत्तर आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही. २१ डिसेंबर १९११ रोजी तेहरानमध्ये या दोन सरकारांनी परस्पर एक करार केला. दोघांचे प्रतिनिधी इस्तंबूलला बसतील, १८४७ च्या तहाच्या आधारे सीमा ठरवतील, आणि जे मुद्दे सुटणार नाहीत ते हेगच्या लवाद न्यायालयाकडे जातील. हेग! दोन 'मागासलेली' पौर्वात्य साम्राज्यं स्वतःहून त्रयस्थ न्यायालयाचं नाव घेत होती. इस्तंबूलच्या बैठका १९१२ मध्ये फसल्या हे खरं. पण त्यानंतर प्रकरण हेगला गेलं नाही. ते ब्रिटन आणि रशियाने पुन्हा आपल्या हाती घेतलं.

का घेतलं असेल? १९०८ मध्ये इराणमधल्या मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं होतं. ज्या खिज्र बेटाचा १८४७ मध्ये एका ओळीत उल्लेख होता तिथे आता ब्रिटिश कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहत होता, आणि जमीन भाडेपट्ट्याने घेतली होती मोहम्मऱ्याच्या शेख खजअलकडून. उत्तरेत रशियाचे सैनिक इराणच्या गावांत तळ ठोकून होते. १९०७ मध्ये या दोन मध्यस्थांनी इराणलाच न विचारता इराणमध्ये आपापली प्रभावक्षेत्रं वाटून घेतली होती. तेहरानचा तो करार झाला त्याच आठवड्यात, रशियाच्या निर्वाणीच्या खलित्यापुढे, इराणची मजलिस म्हणजे संसद बरखास्त झाली. ४ नोव्हेंबर १९१३ चा कॉन्स्टँटिनोपल प्रोटोकॉल झाला तेव्हा इराणमध्ये तो मंजूर करायला संसदच नव्हती. त्यावर चार सह्या आहेत: उस्मानी वजीर, इराणी वकील, ब्रिटिश वकील, रशियन वकील. शत्त-अल-अरबचं पात्र काही बेटं आणि मोहम्मऱ्यासमोरची नांगरण्याची जागा वगळता उस्मानी ठरलं, आणि १८४७ च्या त्या खुलाशावर पुन्हा शिक्का बसला. जमिनीवरच्या मोजणीत दोन्ही बाजूंच्या आयुक्तांचं जमलं नाही तर निर्णय ब्रिटिश आणि रशियन आयुक्त देणार. पामर्स्टनला जी मनमानी हवी होती ती बासष्ट वर्षांनी नियमात बसवून मिळाली.

याची फळं कुणी खाल्ली ते सर्वांना ठाऊक आहे, पण मूळ कारण क्वचित सांगितलं जातं. उस्मानी साम्राज्य गेलं, त्याजागी इराक आला आणि नदी वारसाहक्काने त्याच्याकडे. १९३४-३५ मध्ये राष्ट्रसंघात इराणने मांडलेली बाजू तंतोतंत तीच होती: १८४८ ची सही बिनअधिकाराची, आणि १९१३ चा करार मजलिसने कधी मंजूर केलेला नाही. तुमच्या आमच्या तालुक्याच्या कोर्टातही हा युक्तिवाद उभा राहील! १९३७ च्या तहात आबादानसमोरच्या काही मैलांत मधला प्रवाह ही सीमा मानली गेली. १९६९ मध्ये शाहने तोही तह झुगारला. मार्च १९७५ मध्ये अल्जियर्सला तेल उत्पादक देशांच्या बैठकीत अल्जीरियाचे अध्यक्ष बूमेदियन यांनी शाह आणि सद्दाम यांना एकत्र आणलं आणि सगळ्या नदीत मधला प्रवाह ही सीमा ठरली. १७ सप्टेंबर १९८० ला सद्दामने ती मोडली, पाच दिवसांनी युद्ध सुरू केलं, आणि आठ वर्षं लाखो माणसं मारून झाल्यावर ऑगस्ट १९९० मध्ये, कुवेत गिळल्यानंतर इराण शांत राहावा म्हणून, पुन्हा तीच १९७५ ची सीमा मान्य केली. १९८० चं युद्ध १८४७ च्या खुलाशामुळे झालं असं मी म्हणत नाही. क्रांती, खुझेस्तानचं तेल, सद्दामची महत्त्वाकांक्षा ही कारणं मोठी आहेत. पण युद्धाला लागणारं निमित्त, कायद्याच्या भाषेतलं, कुणीतरी आधीच तयार करून ठेवलेलं असावं लागतं. ते मध्यस्थाने दिलं होतं.

१९७५ चं उदाहरण माझ्याच विरुद्ध जातं असं कुणी म्हणेल: इथेही मध्यस्थ होता, आणि करार पाच वर्षांतच मोडला. बरोबर आहे. पण फरक बघा. अल्जीरियाची ना त्या नदीत बोट होती ना त्या काठावर कारखाना. त्याने काढून दिलेली रेघ युद्धानंतर दोघांना पुन्हा हाती घेता आली, कारण ती दोघांनीही एकाच अर्थाने वाचली होती. त्याच तऱ्हेचं आपलं उदाहरण कच्छच्या रणाचं. १९६५ च्या चकमकीनंतर ब्रिटिश पंतप्रधान विल्सन यांनी मध्यस्थी केली हे खरं, पण त्यांनी नकाशा उघडला नाही. त्रिसदस्य लवाद नेमला गेला: अध्यक्ष स्वीडनचा, भारताने सुचवलेला सदस्य युगोस्लाव्हियाचा, पाकिस्तानने सुचवलेला इराणचा. दोन्ही देशांनी कागदांचे गठ्ठे मांडले, युक्तिवाद झाले, फेब्रुवारी १९६८ मध्ये कारणांसह लेखी निवाडा आला. सुमारे नऊ दशांश वादग्रस्त रण भारताकडे आणि उरलेलं पाकिस्तानकडे. आपल्या संसदेत त्यावर काहूर माजलं. तरी निवाडा पाळला गेला. (मध्यस्थ आपणच मागायचा आणि निकाल पटला नाही की नाकारायचा, यातही आपण अनभिज्ञ नाही. महाजन आयोग महाराष्ट्राने मागितला होता, हे बेळगावबद्दल बोलताना आपण भराभर पुढे सरकतो.)

आणि ज्या टोकाला महासत्ता नव्हती तिथे काय झालं? १९३२ मध्ये तुर्कस्तान आणि इराणने तेहरानमध्ये आपसात करार केला. अराराटच्या उतारावरचं कुर्दांचं बंड तुर्कांना मोडायचं होतं, लहान अराराट इराणच्या हद्दीत होता आणि बंडखोर तिकडे पळायचे. इराणने लहान अराराट दिला, बदल्यात दुसरीकडे जमीन घेतली. ती सीमा तेव्हापासून फारशी हललेली नाही. मला हे उदाहरण आवडतं आणि त्याच वेळी टोचतं. कारण ही तडजोड कुर्दांच्या डोक्यावरून झाली, जशी १९७५ ची झाली. अल्जियर्सनंतर शाहने इराकी कुर्दांची मदत एका रात्रीत तोडली आणि त्यांचे नेते बारझानी यांचा उठाव कोसळला. शेजाऱ्यांनी आपसात मिटवलं म्हणजे न्याय झाला असं नव्हे. एवढंच की तिथे दोघांनाही आपण काय दिलं आणि काय घेतलं हे नक्की माहीत होतं.

सरहद्दीवरच्या माणसांचा उल्लेख १८४७ च्या तहात एका जागी येतो. आठव्या कलमात म्हटलंय की ज्या टोळ्या नक्की कुणाच्या हे ठाऊक नाही त्यांना एकदा, फक्त एकदाच, कुठे राहायचं ते ठरवू द्यावं. मग ते कायमचं. वर्षातून दोनदा घर बदलणाऱ्या माणसाला 'तुझं घर कुठलं ते एकदाच सांग' असं विचारणारं हे वाक्य मला त्या सगळ्या दप्तरातलं सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण सीमा म्हणजे काय ते त्यात उघड दिसतं. पुढे खानकीनच्या नाक्यावर करबला-नजफला निघालेल्या यात्रेकरूंना क्वारंटाइनमध्ये अडकवलं जायचं, आणि पवित्र भूमीत पुरण्यासाठी खेचरांवर लादून नेलेल्या प्रेतांवरही आकार पडायचा. हा धंदा महासत्तांनी नव्हे, त्या दोन सरकारांनीच केला. पट्टी ठेवून रेघ मारण्याचा आरोप इंग्रजांवर ढकलला की आपल्या आवडीच्या राजवटींचा हा भाग सोयीने विसरता येतो.

शेवटचा आयोग जानेवारी १९१४ मध्ये मोहम्मऱ्याहून निघाला. ब्रिटिशांतर्फे अरनॉल्ड विल्सन, रशियातर्फे मिनोर्स्की (हाच पुढे इराणच्या इतिहासाचा जगन्मान्य अभ्यासक झाला), आणि मोजणीला हिंदुस्थानातून आलेले सर्वेक्षक. नऊ महिन्यांत त्यांनी २२७ सीमास्तंभ उभे केले. ऑगस्टमध्ये युरोपात युद्ध पेटलं तरी काम थांबलं नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस ते अराराटजवळ पोहोचले आणि शेवटचा स्तंभ लागला. तुर्की आयुक्त आणि त्याचे ब्रिटिश-रशियन पंच अजून एका टेबलावर बसून इतिवृत्तावर सह्या करत होते. त्याआधीच, १६ ऑक्टोबरला, पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड मुंबईच्या बंदरातून निघाली होती, आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. २३ ऑक्टोबरपासून ती बोटींत बसून बहारीनजवळ हुकमाची वाट बघत होती. ६ नोव्हेंबरला ती शत्त-अल-अरबच्या तोंडाशी, फावला, उस्मानी किनाऱ्यावर उतरली.